वाफेचें इंजिन आणि लोणावळ्याचें पाणी

जुनें यंत्र काढून नवें बसवावें कीं नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां नुसत्या हिशेबाचा वाटतो. मुंबईच्या गिरणीमालकांपुढें तो १९१० नंतरच्या वर्षांत उभा राहिला, आणि त्याचें उत्तर त्यांस मावळच्या पावसांत शोधावें लागलें. म्हणून आम्ही त्याचा येथें थोडा विचार करणार आहों.

त्या काळची गिरणी म्हणजे एका वाफेच्या इंजिनाचा संसार. इंजिनाच्या अजस्र चाकावरून दोरखंड निघत, ते मजल्यामजल्यावरील लोखंडी दांडे फिरवीत, आणि दांड्यांवरचे पट्टे माग व चात्या चालवीत. इंजिन अडलें कीं सारी गिरणी अडली. कोळसा बंगालकडून किंवा समुद्रापलीकडून यावयाचा. त्याचा भाव मालकाच्या हातीं नव्हता. तथापि इंजिन स्वतःचें होतें, आपल्याच छपराखालीं होतें, आणि कोळशाचा ढीग अंगणांत डोळ्यांना दिसत होता. ही शेवटची गोष्ट कोणत्याहि ताळेबंदांत मांडतां येत नाहीं. पण मालकाच्या मनांत तिचें वजन फार असतें.

वीज एकाच कामाला जुंपलेली नव्हे. जी माग चालवील तीच दिवा लावील, तीच पंप ओढील. घाटमाथ्याच्या पाण्यापासून ती काढण्याची कल्पना डेव्हिड गोस्लिंग या मुंबईच्या वास्तुशास्त्रज्ञानें मांडली व जमशेटजी टाटांनीं उचलून धरली. पण जमशेटजी १९०४ सालीं वारले. कंपनी १९१० सालीं निघाली, १९११ सालीं गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनीं लोणावळ्यास कोनशिला बसविली, आणि १९१५ सालीं वीज मुंबईस पोंचली.

हा सौदा ठरवितांना खरी शंका यंत्राविषयीं नव्हे, पावसाविषयीं यावयास हवी होती. घाटावर पाऊस कोसळतो तो चार महिने. गिरणी चालावयाची बारा महिने. म्हणून वळवण, शिरोता व लोणावळा येथें तलाव बांधून पाणी सांठविलें गेलें. इंद्रायणीच्या वाटेनें पूर्वेकडे जाणारें हें पाणी उलट पश्चिमेस वळवून नळांतून सुमारें १,७०० फूट खालीं खोपोलीस सोडलें. तेथें चाकांवर आदळतांना त्याचा दाब दर चौरस इंचास ७०० पौंडांहून अधिक होतो. तेथून मुंबईपर्यंत चाळीसांहून अधिक मैल तार. एका गिरणीचें इंजिन बिघडलें तर एकच गिरणी थांबे. ही तार तुटली तर अनेक थांबावयाच्या. जुनें इंजिन लागलीच मोडींत न काढणाऱ्या मालकाला आम्ही तरी भित्रा म्हणणार नाहीं.

हिशेबाचें एक पान मात्र कोणीं उघडलेंच नाहीं. मुंबईची मागणी वाढली तशीं धरणें वाढलीं. मावळांतच ठोकरवाडीस आंध्रा नदी अडविली गेली आणि १९२२ सालीं भिवपुरीचें वीजगृह चालूं झालें. शेजारच्या मुळशी पेट्यांत भाताचीं खाचरें बुडणार असें दिसतांच शेतकरी उठले. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे व सेनापती बापट त्याचे पुढारी होते. लढा तीन वर्षें चालला, पण धरण झालें, आणि १९२७ सालीं भिऱ्याचें वीजगृह सुरू झालें. गिरणीच्या दप्तरांत कोळशाचा दर व विजेचा दर समोरासमोर मांडलेले असत. खाचराचा दर त्या दोहोंतहि नव्हता. मावळ्याला मिळावयाचा तो जमिनीचा मोबदला, आणि मोबदल्यांत पुढच्या पिढीचा भात पिकत नाहीं.

मुंबईच्या त्या गिरण्यांपैकीं बहुतेक १९८२ च्या संपानंतर एकामागून एक बंद पडल्या. खोपोलीचें वीजगृह मात्र अजून चालूं आहे. त्याचींहि मूळ यंत्रें पुढें काढून मोठीं नवीं बसविण्यांत आलीं. तलाव तेच राहिले.