अर्धापूरचे आठ ठोके

‘अर्धापूर’ हे नाव संगणकावर इनस्क्रिप्ट पद्धतीने लिहायला आठ ठोके लागतात: अ, र, हलन्त, ध, काना, प, दीर्घ उकार, र. स्वर आणि त्यांची चिन्हं डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. उच्चाराचा क्रम तोच बोटांचा क्रम. नजर खाली न नेता हे नाव लिहिणारी बोटं मात्र माउसच्या कितीतरी आधी घडू लागली होती, टायपिंग क्लासात.

केळीच्या बागांनी वेढलेलं मराठवाड्यातलं अर्धापूर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि सरकारी कारभार उर्दूत चाले. १९६० साली मराठवाडा महाराष्ट्राचा भाग झाला, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम आला. कचेऱ्यांना मराठी टंकलेखनाची गरज पडू लागली. लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीसाठी मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं प्रमाणपत्र मागितलं जाऊ लागलं. त्याची परीक्षा पुण्याची परीक्षा परिषद घेते.

क्लासातला पहिला धडा एकच: नजर मजकुरावर, बोटं मधल्या ओळीवर. प्रत्येक बोटाच्या कळा ठरलेल्या. टंकलेखन यंत्राच्याही काही अटी होत्या. ‘किनवट’ हे गावाचं नाव लिहिताना ह्रस्व वेलांटी आधी आणि क नंतर ठोकावा लागे, कारण ती वेलांटी अक्षराच्या डावीकडे बसते आणि यंत्र कागदावर डावीकडून उजवीकडेच छापत जातं.

संगणकावर ती अट उरली नाही. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं काम पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने पुढे नेलं. १९९१ च्या भारतीय मानकात इनस्क्रिप्टला जागा मिळाली. आता आधी क, मग वेलांटी.

माउस मात्र वेगळ्या वाटेने आला. संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत तो जाहीरपणे दाखवला, तेव्हा त्यांचा दुसरा हात पाच कळांच्या छोट्या पट्टीवर होता. पुढे माउस घरोघरी पोचला, ती पट्टी मागे राहिली. तरी दुसऱ्या हाताला काम मिळालंच. झेड, एक्स, सी, व्ही या खालच्या ओळीतल्या शेजारच्या कळा. कंट्रोलबरोबर दाबल्या की चूक मागे घेणं, मजकूर कापणं, त्याची नक्कल करणं आणि तो चिकटवणं, चारही कामं डाव्या हाताने होतात.

अर्ज भरताना माउस आणि कळफलक यांतला फरक दिसतो. नाव, गाव, तालुका, गट क्रमांक अशा प्रत्येक रकान्यासाठी माउस धरला की हात मधली ओळ सोडतो, नजरही हलते. टॅब दाबली की पुढचा रकाना, शिफ्टसह टॅब दाबली की मागचा. विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की इंग्रजीतून मराठीत येता येतं. हे सगळं करताना मजकुरावरची नजर हलत नाही.

हात सुटलाच, तर परतीची खूण कळफलकावरच आहे. एफ आणि जे या कळांवर बोटांना जाणवणारा उंचवटा असतो, तर्जन्या तिथे टेकल्या की बाकीची बोटं आपापल्या जागी येतात. इनस्क्रिप्टमध्ये डाव्या उंचवट्यावर ह्रस्व वेलांटी आहे, उजव्यावर र. ‘अर्धापूर’मधले दोन्ही र तिथूनच उमटतात.