अकरा रात्रींचा होकार

आमच्या साक्री तालुक्यात पांझरा नदीवर जुने बंधारे आहेत. त्यांच्या पाटावरच्या बागायतीची रीत म्हणजे फड. ही रीत तीन-चारशे वर्षांची सांगतात. बंधाऱ्याखालच्या रानाचे तीन-चार फड, आणि एका फडात एका हंगामाला एकच पीक. त्यामुळे पाटकऱ्याला पाळी लावणं सोपं, जागल्याला राखण सोपी. कुठल्या फडात काय घ्यायचं ते सगळे बसून ठरवत. आमच्याकडे एकाचाही नकार असला तर बैठक मोडत नसे.

१९७३ची दिवाळी होती. आदल्या वर्षीचा दुष्काळ सरला होता, पण घरोघर देणं होतं. बहुतेकांना खालच्या फडात ऊस हवा होता. आमच्या भाऊबंदांतले नाना म्हणाले, "मना होकार नही." जुन्या रीतीत प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात असे, ऊसही मिळे, धान्यही मिळे. वाटण्या होता होता नानांकडे उरली ती फक्त खालच्या फडातली दीड एकर. तिथं ऊस लावला तर घरात दाणा कुठून यायचा?

अकरा रात्री बैठक चालली. मी तेरा वर्षांचा, कंदील धरून दादांबरोबर जायचो. कुणी आवाज चढवला नाही, नुसते बसून राहायचे. सगळे फड एकदमच ठरायचे, म्हणून वरच्या फडातली गव्हाची पेरणीही अडली. तो गहू पुढं उन्हात सापडला, दाणा बारीक पडला. अकराव्या रात्री नाना म्हणाले, "करा तुमच्या मनासारखं." सगळ्यांनी त्याला एकमत म्हटलं.

त्या साली नानांच्या घरानं उसनवारीची ज्वारी खाल्ली. एका संध्याकाळी दादांनी दोन पोती गाडीत घातली आणि मला म्हणाले, "त्याला पटलं नव्हतं रे, तो थकला होता. आपण त्याचं मन वळवलं नाही, झोप मोडली."

आता आमच्या सोसायटीत हात वर करून पाच मिनिटांत ठराव होतो. हरलेले मग पाटाचा गाळ काढायला फिरकत नाहीत. नाना मात्र त्या साली फावडं घेऊन सगळ्यांच्या आधी पाटावर हजर होते. म्हणून जुन्या रीतीला मी नावं ठेवत नाही. एवढंच वाटतं, ती दोन पोती बैठकीतच ठरायला हवी होती. पाच-सहा रात्री वाचल्या असत्या, अन् नानांचा होकार खरा झाला असता.