सत्तावन्न आठवडे आणि व्हेनिस

१२ डिसेंबर १९३६ रोजी गिरगावच्या सेंट्रल सिनेमात ‘संत तुकाराम’ लागला आणि तब्बल ५७ आठवडे चालला. चाळींतली माणसं कुटुंबकबिल्यासह आली. तुकोबांची भूमिका करणाऱ्या विष्णुपंत पागनिसांच्या पाया पडणारे प्रेक्षक पुढे कित्येक वर्षं भेटत राहिले. १९३७ साली हाच चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याला सन्मान मिळाला. हा जगातला सर्वांत जुना चित्रपट महोत्सव; तो सुरू होऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षं झाली होती. गिरगावकरांसाठी एक आणि इटलीतल्या परीक्षकांसाठी दुसरी, अशा दोन आवृत्त्या दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी काढल्या नव्हत्या. जे सेंट्रलच्या पिटात चाललं, तेच व्हेनिसला गेलं.

आज सिनेमावर बोलणारा कुणीही पहिल्या पाच मिनिटांत वाटणी करून टाकतो. हा गल्ल्याचा सिनेमा, तो फेस्टिव्हलचा. एकात करमणूक, दुसऱ्यात दर्जा. महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाचा गेल्या नव्वद वर्षांचा इतिहास पाहिला, तर ही वाटणी त्याने स्वतः केलेली दिसत नाही. ती चित्रपटगृहांच्या व्यवस्थेतून आली, सरकारी धोरणातून आली आणि थोडीफार जाणकारांच्या अहंकारातूनही आली.

‘संत तुकाराम’मध्ये चमत्कार आहेत, शेवटी वैकुंठाचं विमानही आहे. पण तो आजही ताजा वाटतो तो आवलीमुळे. गौरी या अभिनेत्रीने ती अशी उभी केली की नवऱ्याच्या भक्तीपायी उपाशी राहिलेल्या पोरांचा हिशेब ती थेट विठोबाकडे मागते. तुकोबा आकाशाकडे बघतात, आवली चुलीकडे. चित्रपट या दोघांनाही खरं मानतो. भाविक प्रेक्षकाला त्यात देव भेटला, परदेशी परीक्षकाला माणसं भेटली असतील. पण त्यासाठी पडद्यावरचं दृश्य बदलावं लागलं नाही. हा चित्रपट काढणाऱ्या प्रभात फिल्म कंपनीची ताकद इथे होती. कोल्हापुरात १९२९ साली सुरू झालेली आणि १९३३ मध्ये पुण्याला आलेली ही कंपनी धंदा आणि कला यांचे वेगळे खाते ठेवत नव्हती.

स्वातंत्र्यानंतर सरकारने महोत्सव भरवायला घेतला. २४ जानेवारी १९५२ रोजी मुंबईत न्यू एम्पायरमध्ये भारताच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला सुरुवात झाली. फिल्म्स डिव्हिजनने तो आयोजित केला होता. २३ देशांचे चित्रपट आले आणि नंतर ते मद्रास, दिल्ली, कलकत्ता असे फिरले. मुंबईच्या स्टुडिओंत काम करणाऱ्या माणसांनी तिथे डी सिकाचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ पाहिला. चोरीला गेलेली सायकल शोधत रोमच्या रस्त्यांवर हिंडणारा बाप आणि त्याचा मुलगा, एवढीच गोष्ट. पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा ‘दो बिघा ज़मीन’ आला. बलराज साहनी कलकत्त्याच्या रस्त्यावर हातरिक्षा ओढताना दिसले आणि १९५४ मध्ये त्या चित्रपटाला कान महोत्सवात पारितोषिक मिळालं. महोत्सवातून शिकलेली गोष्ट अशी सरळ व्यावसायिक हिंदी चित्रपटात उतरली. त्याच सुमारास आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. त्या चित्रपटाला रडलेल्या घराघरांतल्या बायकांना पदकाची गरज नव्हती, आणि पदक देणाऱ्यांनाही त्या रडण्याचा संकोच वाटला नाही.

दरी पडू लागली ती साठच्या दशकात, आणि तीही चांगल्या हेतूने. १९५९ मध्ये फिल्म सोसायट्यांचा महासंघ स्थापन झाला. सत्यजित राय त्याचे अध्यक्ष होते. पुण्यात प्रभातच्याच जागेवर १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आली, १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं. संग्रहालयाचे पी. के. नायर डबे गोळा करत देशभर हिंडले. फाळक्यांचे उरलेसुरले चित्रपट आज पाहता येतात, त्याचं बरंचसं श्रेय त्यांचं आहे. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ सुरू झालं आणि सुधीर नांदगावकरांसारख्या माणसांनी ते कित्येक दशकं चालवलं. नोकरदार, प्राध्यापक, विद्यार्थी अशी माणसं वर्गणी भरून कुरोसावा, बर्गमन, फेलिनी पाहू लागली. यांतले बहुतेक चित्रपट गावातल्या टॉकीजमध्ये कधीच लागणार नव्हते. या चळवळीचं मोल कितीही सांगितलं तरी कमीच आहे. मराठीत चित्रपटाबद्दल गंभीरपणे लिहिण्या-बोलण्याची सवय तिनेच लावली.

पण सभासदांच्या खेळाला बसणाऱ्यांत हळूहळू अशी एक समजूत रुजली की लालबागच्या भारतमाता टॉकीजमध्ये शिट्ट्या मारणारा गिरणी कामगार हा आपल्याहून वेगळ्या जातीचा प्रेक्षक आहे. ही समजूत अन्यायाची होती.

१९७१ ते १९७५ ही चार वर्षं पुरावा म्हणून पुरेशी आहेत. ‘सोंगाड्या’ आला आणि दादा कोंडके गिरणगावाचे लाडके झाले. नायगावच्या कामगार वस्तीत वाढलेला हा माणूस आपल्याच प्रेक्षकाच्या बोलीत बोलत होता. त्या चित्रपटात निळू फुले होते. १९७५ साली कोंडक्यांचा ‘पांडू हवालदार’ गर्दी खेचत असताना जब्बार पटेलांचा ‘सामना’ बर्लिनच्या स्पर्धेत गेला. विजय तेंडुलकरांचं लेखन, एका बाजूला श्रीराम लागूंचे मास्तर, दुसऱ्या बाजूला साखर कारखान्याचे सर्वेसर्वा हिंदुराव. तो हिंदुराव म्हणजे पुन्हा निळू फुलेच. सहकारातल्या सत्तेचा माज कसा दिसतो, हे त्या माणसाच्या पान चघळण्यातून, बसण्यातून महाराष्ट्राला कळलं. तमाशाच्या फडात आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेला हा नट पिटातल्या टाळ्यांतूनच बर्लिनला पोचला होता. लोकरंजन आणि कस यांची फारकत खरी असती, तर निळू फुले घडलेच नसते.

गावाकडच्या प्रेक्षकाला तर निवडीची चैनही नव्हती. जत्रा भरली की ट्रक यायचे, तंबू उभा राहायचा, प्रोजेक्टर धडधडू लागायचा आणि जो चित्रपट आला असेल तो पाहायचा. हे तंबू शेवटच्या घटका मोजत असताना शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी वर्षानुवर्षं त्यांच्या मागे फिरून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. २०१६ साली तो कानमध्ये दाखवला गेला, त्याची तिथे खास दखलही घेतली गेली. महाराष्ट्रातल्या जत्रेतला तंबू तिथल्या पडद्यावर दिसला, याचा अभिमान ज्या चित्रपटवेड्याला वाटला नाही, त्याने तो पुन्हा एकदा पाहावा.

त्याच वर्षी ‘सैराट’ आला. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट फेब्रुवारीत बर्लिन महोत्सवाच्या ‘जनरेशन’ विभागात दाखवला गेला आणि २९ एप्रिलला महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. शंभर कोटींचा टप्पा ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट. गर्दी आवरेना म्हणून साताऱ्याकडच्या रहिमतपूरला मध्यरात्रीनंतरचे खेळ लावावे लागले. अजय-अतुलच्या गाण्यांवर पडद्यासमोर नाचणारी पोरं सगळ्यांना आठवतात. त्यानंतरचा तास मात्र पुरेसा आठवला जात नाही. हैदराबादची झोपडपट्टी, पैशांची चणचण, संशय, संसाराचं रटाळ रोजचं ओझं; आणि शेवट तर पूर्ण निःशब्द, पार्श्वसंगीताचा एक सूरही नाही. हा शेवट कुठल्याही युरोपीय दिग्दर्शकाने धाडसाचा म्हणून मिरवला असता. करमाळ्याच्या, अकलूजच्या प्रेक्षकाने तो पाहिला, पचवला, आणि घरी जाऊन त्यावर भांडला. सामान्य प्रेक्षकाला संथ, मूक, अस्वस्थ करणारं काही झेपत नाही, असं म्हणणाऱ्यांना यापुढे तसं म्हणण्याचा अधिकार उरलेला नाही.

मग असे चित्रपट पोचत का नाहीत? चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने २०१४ साली व्हेनिसमध्ये ‘ओरिझोंती’ विभागाचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार आणि पदार्पणाच्या चित्रपटासाठीचा पुरस्कार असे दोन्ही मिळवले. शाहीर नारायण कांबळेवरच्या खटल्याची ही गोष्ट एप्रिल २०१५ मध्ये इथे लागली. त्याच महिन्यात मल्टिप्लेक्समध्ये मराठीला दुपारी बारा ते रात्री नऊच्या दरम्यान खेळ द्यावा, यासाठी सरकारला पुढे यावं लागलं होतं. सकाळी साडेनऊला किंवा रात्री अकराला एकुलता खेळ लावायचा आणि आठवड्यानंतर ‘प्रेक्षक नाही’ म्हणून काढायचा, हा अनुभव छोट्या मराठी चित्रपटांच्या वाट्याला वारंवार आला आहे. नोकरी करणारा माणूस अडनिड्या वेळी फिरकत नाही, यावरून त्याची अभिरुची ठरवता येत नाही. ताम्हाण्यांचा पुढचा चित्रपट ‘द डिसायपल’ २०२० मध्ये व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत होता आणि त्याला पटकथेचं पारितोषिक मिळालं. शास्त्रीय गायकाच्या अपयशाची ही गोष्ट महाराष्ट्राने पाहिली ती मुख्यतः घरच्या पडद्यावर. तानपुऱ्याचा तो आवाज चित्रपटगृहात ऐकायला हवा होता.

निळू फुल्यांची परंपरा मात्र तुटलेली नाही. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’मध्ये दिसलेल्या छाया कदम २०२४ साली पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’मध्ये पार्वती झाल्या. मुंबईतल्या रुग्णालयात स्वयंपाक करणारी, घराचे कागद नाहीत म्हणून बेघर होणारी, कोकणात परतणारी बाई. कानचा ग्राँ प्री या चित्रपटाने जिंकला. ‘सैराट’मध्ये हैदराबादेत पळून आलेल्या जोडप्याला आसरा देणारी सुमनअक्का ज्या प्रेक्षकाने पाहिली होती, त्याला पार्वतीची ओळख करून द्यावी लागत नव्हती.

सप्टेंबर २०२५ मध्ये तर दोन्ही टोकं एकाच आठवड्यात समोरासमोर आली. १२ तारखेला ‘दशावतार’ लागला. कोकणातल्या दशावतारी नटाच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर, आणि त्यांना पाहायला घरंच्या घरं लोटलेली. १९ तारखेला रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ आला. वडिलांच्या सुतकाचे दहा दिवस पाळायला गावी गेलेला आनंद आणि त्याचा बालपणीचा मित्र बाळ्या यांच्या प्रेमाची ही गोष्ट जानेवारीत सनडान्समध्ये जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक जिंकून आली होती. ‘साबर बोंडं’च्या वाट्याला मोजकेच पडदे आले. तरीही एकाच शनिवारी दुपारी एक आणि संध्याकाळी दुसरा पाहणं मुंबई-पुण्यातल्या प्रेक्षकाला शक्य होतं. दोन्हींत गाव आहे, विधी आहेत, म्हातारी होत चाललेली माणसं आहेत, आणि दोन्ही मराठीतच बोलतात.