छाट काढलेल्या विडीची साक्ष : निपाणीतल्या घरबसल्या कमाईचा इतिहास

निपाणीचा इतिहास म्हटला की आपल्याकडे दोन विषय हमखास निघतात. एक म्हणजे सिद्धोजीराव निंबाळकर, म्हणजेच निपाणकर, आणि दुसरा म्हणजे तंबाखूची पेठ. पेठेबद्दल बोलताना व्यापारी येतात, वखारी येतात, १९८१ चं शरद जोशींच्या नेतृत्वाखालचं तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलनही येतं. पण याच तंबाखूच्या विड्या घरात बसून, मांडीवर सूप घेऊन ज्या बायकांनी वळल्या, त्या या इतिहासात सहसा दिसत नाहीत. 'घर सांभाळून चार पैसे मिळवते' एवढीच त्यांची नोंद. त्या कामगार आहेत हे कायद्याने मान्य करायला किती वर्षं लागली आणि शेवटी कोणता मुद्दा कामी आला, ते या टिपणात सांगायचं आहे.

आधी काम काय ते पाहू. तंबाखू निपाणी भागातली असली तरी विडीचं पान इथलं नाही. टेंभुर्णीचं, म्हणजे तेंदूचं पान मध्य भारतातल्या जंगलांतून येतं. ठेकेदाराकडून पान, तंबाखू आणि दोरा मोजून घ्यायचा. पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. नंतर पत्र्याचं माप ठेवून एकेक पान कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू भरून वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. पंचवीस विड्यांचा एक कट्टा. मजुरी हजारी, म्हणजे हजार विड्यांमागे. एका दिवसात हजाराच्या आसपास विड्या वळायच्या तर सकाळपासून दिवा लागेपर्यंत बसावं लागतं. त्यात मधे स्वयंपाक, पाणी, मुलं. याला 'फावल्या वेळातलं काम' का म्हणतात हे मला कळलेलं नाही.

मग हे काम घरात आलं कसं? बायकांच्या सोयीसाठी आलं, असं सांगितलं जातं. सोय होती हे खरं. लहान मूल असलेल्या बाईला वखारीत जाता येत नव्हतं. पण दुसरं कारणही पाहायला हवं. १९४८ च्या कारखाने अधिनियमाप्रमाणे विजेवर चालणाऱ्या जागेत दहा किंवा अधिक आणि विजेशिवाय चालणाऱ्या जागेत वीस किंवा अधिक कामगार असले की ती जागा कारखाना ठरत असे. मग कामाचे तास, रजा, स्वच्छता हे सगळं आलं. विडीला ना यंत्र लागतं ना वीज. त्यामुळे एका मोठ्या कारखान्याचे दहा छोटे तुकडे करणं, ते ठेकेदारांना वाटणं आणि तिथून घराघरांत काम पाठवणं मालकांना अगदी सोपं होतं. देशभर हेच घडलं.

माझा मूळ पेशा इंजिनिअरचा, म्हणून मी याचा खर्चाच्या बाजूने हिशेब मांडून पाहतो. कारखान्यात मालकाला छप्पर, दिवा, पाणी, बसायची जागा, अवजारं आणि झाडलोट यांचा खर्च येतो. काम घरी गेल्यावर यातला एकही खर्च संपत नाही. तो फक्त बाईच्या अंगावर येतो. छप्पर तिचं, दिवा तिचा, कात्री तिची, सूपही तिचंच. तंबाखूची धूळ स्वयंपाकाच्या आणि निजायच्या खोलीत उडते, तीही तिच्या घरातली. हजारी मजुरीच्या आकड्यात हे काही धरलेलं नसतं.

इथे एक तुलना करावीशी वाटते. बायकांनी चार पैसे मिळवावेत हा विचार आपल्या समाजात नवा नाही. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन उभं राहिलं. बडोद्यात १९१४ मध्ये महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय सुरू झालं. शिवण, भरतकाम शिकून बाईने स्वतःच्या पायावर उभं राहावं हा त्यामागचा हेतू. या कामांना इमारत होती, पाटी होती, अहवाल होते. म्हणून त्यांचा इतिहास लिहिता आला. विडीवालीचं काम आकाराने कितीतरी मोठं, पण त्याला पाटी नाही.

निपाणीतच पाहा. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायका १९८० च्या सुमारास संघटित झाल्या. प्रा. सुभाष जोशी यांच्या चिकोडी तालुका कामगार महासंघाचं नाव त्यात येतं. (निपाणी तेव्हा चिकोडी तालुक्यात होती.) युगांतर या स्त्रियांच्या चित्रपट गटाने या वखारीतल्या बायकांवर माहितीपटही केला. वखारीतल्या बायका रोज एका छपराखाली भेटत होत्या, एकमेकींची मजुरी त्यांना माहीत होती. घरात वळणारीला शेजारच्या गल्लीतल्या बाईची किती छाट निघाली हेसुद्धा कळत नसे.

'छाट' हा शब्द इथे नीट समजून घेऊ, कारण पुढची गोष्ट त्याच्यावरच उभी आहे. बाई वळलेल्या विड्या घेऊन गेली की त्या तपासल्या जातात. वाकडी, सैल, कमी भरलेली विडी बाजूला काढतात. ती छाट. तिची मजुरी नाही. छाट किती काढायची हे समोरच्याच्या हातात. पान खराब दिलेलं असेल तरी तोटा बाईचाच. विडीवालीच्या तोंडी मजुरीपेक्षा छाटीची तक्रार जास्त का असते, ते यावरून लक्षात येईल.

आता कायद्याकडे येऊ. सर्वोच्च न्यायालयाच्या अगदी सुरुवातीच्या निकालांत १९५० चा चिंतामणराव विरुद्ध मध्य प्रदेश हा निकाल आहे. शेतीच्या हंगामात ठराविक गावांत विड्या करायला बंदी घालणारा मध्य प्रांत-वऱ्हाडचा कायदा होता. न्यायालयाने तो रद्द केला. ज्यांना शेतात मजुरी करणं शक्य नाही अशी अपंग माणसं, म्हाताऱ्या बायका यांचीही कमाई त्याने बंद होते, हे एक कारण होतं. म्हणजे घरच्या विडीवर माणसं जगतात हे तेव्हाच मान्य झालं. ती कामगार कोणाची, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

त्यातच राज्यांच्या सीमा आल्या. १ नोव्हेंबर १९५६ ला निपाणी म्हैसूर राज्यात गेली, शेजारचं कागल मुंबई राज्यात राहिलं. किमान वेतनाचे दर ज्याचे त्याचे राज्य ठरवणार. म्हणजे पान तेच, तंबाखू तीच, बोलणं तेच, पण एकीच्या हजारीचा दर बंगळूरला ठरणार आणि दुसरीचा मुंबईला. शिवाय पान-तंबाखूची पोती उचलून दुसऱ्या राज्यात नेणं या धंद्यात कठीण नाही. एका राज्याने कडक नियम केले की काम सरकतं. म्हणून सगळ्या देशासाठी एकच कायदा हवा होता. तो १९६६ मध्ये झाला : विडी आणि सिगार कामगार (रोजगाराच्या अटी) अधिनियम. घरी बसून काम करणारीलाही त्याने 'कर्मचारी' म्हटलं. प्रसूतीच्या लाभाचा कायदा तिला लावला आणि छाटीवरून होणाऱ्या तंट्याची सोय केली. १९७६ मध्ये विडी कामगार कल्याण निधीचा कायदा आला.

१९७७ मध्ये विडी धंद्याला भविष्य निर्वाह निधी लागू झाला आणि खरा वाद पेटला. मालकांचं म्हणणं सरळ होतं : ही बाई आमच्या जागेत येत नाही, आमचा मुकादम तिच्या डोक्यावर नाही, ती कधी बसते कधी उठते आम्हाला माहीत नाही, मग ती आमची नोकर कशी? पी. एम. पटेल अँड सन्स विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये उत्तर दिलं. तयार विडी पाहून ती नापसंत करण्याचा अधिकार मालकाकडे आहे ना? मग तेवढी देखरेख पुरेशी आहे. घरी वळणाऱ्या कामगारांनाही निधीचा हक्क आहे.

म्हणजे ज्या छाटीने बाईची मजुरी कापली जात होती, तीच छाट ती कामगार असल्याचा पुरावा ठरली. मला हा निकाल वाचताना थांबावं लागलं ते इथे.

हक्क मिळाला म्हणजे पैसा हातात आला असं नाही. निधीसाठी नाव हवं, आणि घरात सासू, सून, लेक तिघी मिळून वळत असल्या तरी पुस्तकावर नाव एकीचंच. जिचं नाव नाही तिची वर्षं मोजली जात नाहीत. कल्याण निधीसाठी विडीवर जो उपकर होता तो २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर बंद झाला. आणि तंबाखूच्या दुष्परिणामांमुळे हा धंदा कमी व्हावा असंच आपण म्हणणार. पण तो कमी होताना या बायकांनी पुढे काय करायचं, याचा विचार फार थोडे करतात.

शेवटी वाचकांना एक विनंती. निपाणी, चिकोडी, कागल भागात ज्यांच्या घरी आई-आजीने विड्या वळल्या असतील, त्यांनी ट्रंका आणि फळ्यांवरचे डबे एकदा उघडून पाहावेत. पान-तंबाखू दिल्याघेतल्याचं पुस्तक, निधीची पावती, कल्याण निधीचं ओळखपत्र, पत्र्याचं माप, यातलं काहीही मिळालं तर रद्दीत देऊ नका. त्याचे फोटो काढा. पुस्तकावर नाव कोणाचं आहे ते बघा, आणि नाव नसताना त्या घरात आणखी कोण कोण वळत होतं, हे सांगणारं माणूस आहे तोवर विचारून लिहून ठेवा.