कुलूप कुणाचे भारी?

आमच्या घराण्यात हल्ली दोन पंथ झाले आहेत, विंडोजवाले आणि लिनक्सवाले. लग्नकार्यात पंगत उठली की त्यांची जुंपते. लिनक्सवाले म्हणतात, "आमची परंपरा युनिक्सची, आमच्यात असले रोग नाहीत!" विंडोजवाले गप्प बसतात. अशा वेळी इतिहासाच्या मास्तराला सन विचारल्याशिवाय राहवत नाही.

तर मंडळी, सन १९८८, नोव्हेंबरची २ तारीख. इंटरनेटवर हाहाकार माजवणारा पहिला मोठा 'वर्म' सुटला तो युनिक्सवरच. विंडोजचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने तो सोडला, तोही एमआयटीच्या संगणकावरून. बर्कली युनिक्सवर चालणारी व्हॅक्स आणि सन-३ यंत्रे त्याने गाठली. जाळ्यातल्या सुमारे ६०,००० संगणकांपैकी ६,००० बाधित झाले, असा तेव्हाचा अंदाज. शिरला कसा? टपाल पोचवणाऱ्या 'सेंडमेल'मध्ये कारागिरांसाठी ठेवलेली चाचणीची सोय उघडीच राहिली होती. 'फिंगर' ही सेवा कोण कामावर बसले आहे ते सांगे. तिला मापाबाहेर लांब प्रश्न विचारला की प्रश्नातलाच मजकूर हुकूम समजून पाळला जाई. शिवाय ओळखीच्या यंत्राला पासवर्ड न विचारता आत घ्यायचे, ही घरोब्याची रीत. जुन्या वाड्यात दिवसभर दारे उघडी असत ना, तशीच. गंमत म्हणजे या मुलाच्या वडिलांनीच युनिक्सच्या पासवर्डची सुरक्षा रचण्यात मोठे काम केले होते, आणि तेव्हा ते अमेरिकी सरकारच्या संगणक-सुरक्षा केंद्रात होते. असो.

आता विंडोज. कोणाला काय करू द्यायचे याचे नियम एनटीच्या घराण्यात मूळच्या युनिक्सपेक्षा जास्त बारीक होते, हे लिनक्सवाले सांगत नाहीत. पण त्याच घराण्यातली एक्सपी घरोघरी गेली ती बहुतेक ठिकाणी सगळे अधिकार वापरणाऱ्याच्या हाती देऊन, आणि जाळ्याकडची दारे सताड उघडी ठेवून. फायरवॉल होती, पण बंद! जुलै २००३ मध्ये एका भोकाचे ठिगळ निघाले. ज्यांनी ते लावले नाही, त्यांच्याकडे ऑगस्टमध्ये 'ब्लास्टर' आला. त्याला टपाल उघडावे लागत नव्हते; नुसते इंटरनेट जोडले की पुरे. पुढे ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ ने फायरवॉल आपणहून चालू केली. कुलूप आधीही होते, फक्त आता लावून मिळू लागले.

माझे मन मात्र ओपनबीएसडीवर बसले आहे. कॅनडात राहणाऱ्या थिओ द राट यांनी १९९५ मध्ये सुरू केलेली ही प्रणाली त्याच बर्कली युनिक्सच्या वंशातली. सगळ्या सेवा शक्यतो बंद, ज्याला जी हवी त्याने ती उघडावी, हा तिचा खाक्या. आणि जुना कोड ओळ न् ओळ तपासायचा. जशी मिळते तशी बसवली तर पाच वर्षांत बाहेरून शिरण्याजोगे एकही भोक सापडले नाही, असे ते अभिमानाने आपल्या पानावर लिहीत. २००२ मध्ये त्यांच्याच ओपनएसएसएचमध्ये एक निघाले. ती ओळ पुसता आली असती. त्यांनी तिथे 'एक' लिहिले. २००७ मध्ये आणखी सापडले, तेव्हा एकाचे दोन केले.