वरळीच्या बीडीडी चाळी: १६० चौरस फुटांची शंभर वर्षं

मुंबईत वरळीच्या जांबोरी मैदानाभोवती तळमजला अधिक तीन मजल्यांच्या, एकसारख्या दिसणाऱ्या इमारतींच्या रांगा आहेत. याच बीडीडी चाळी. बीडीडी म्हणजे ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’. आता जुन्या चाळी पाडून तिथं टॉवर उभे राहत आहेत. म्हणून या वस्तीचा इतिहास थोडक्यात देत आहोत.

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत गिरणी कामगारांना राहायला जागा नव्हती. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात १९२० मध्ये हे सरकारी खातं सुरू झालं. ५०,००० खोल्या बांधायचं ठरलं आणि खर्चासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर १ रुपया कर लावला गेला. प्रत्यक्षात २०७ चाळी उभ्या राहिल्या: वरळीत १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीत १२. एका चाळीत ८० खोल्या, एक खोली साधारण १६० चौरस फुटांची आणि संडास सामायिक.

शहरात घरांची एवढी टंचाई, तरी वरळीच्या बऱ्याच खोल्या सुरुवातीला रिकाम्याच राहिल्या. भाडं कामगाराला परवडत नव्हतं, गिरण्या लांब होत्या आणि सिमेंटच्या जाळ्यांतून उजेड-वारा नीट येत नव्हता. १९३०च्या कायदेभंगाच्या चळवळीत इथल्या काही चाळींचा सरकारनं तात्पुरता तुरुंग म्हणून वापर केला!

पुढं कोकण आणि घाटावरून आलेल्या कामगारांनी या खोल्या भरल्या. त्याच १६० फुटांत संसार, बाळंतपणं, मुलांचा अभ्यास, गावाकडचे पाहुणे, सगळं झालं. आंबेडकरी चळवळीचंही हे महत्त्वाचं ठाणं. जानेवारी १९७४ मध्ये इथं दंगल भडकली, तिच्या जखमा चाळीनं सोसल्या. १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तरी माणसं इथंच राहिली.

इमारती जीर्ण झाल्यावर पुनर्विकासाचं काम म्हाडाकडे आलं. एप्रिल २०१७ मध्ये भूमिपूजन झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. पिढ्यानपिढ्या सरकारचे भाडेकरू असलेली माणसं मालक झाली, तीही त्याच जागी. मुंबईत ही लहान गोष्ट नाही.

डोंगरी, मदनपुरा, नागपाडा या भागांत आपली कितीतरी कुटुंबं आजही जुन्या चाळींत, पागडीच्या खोल्यांत राहतात. तिथले नियम वेगळे आहेत, पण एक गोष्ट सगळीकडे सारखीच. इमारत पाडायची वेळ येते तेव्हा आधी कागद विचारला जातो. भाडेपावती कुणाच्या नावावर आहे? दादा-अब्बांच्या इंतकालनंतर वारसाची नोंद झाली का? बहिणींचा हक्क लिहिला गेला का? नवं घर कुठं आणि कधी मिळणार, हे करारात आहे का?

खोली कितीही लहान असो, तिचे कागद आजच एका फाइलमध्ये लावून ठेवा. घरातल्या मोठ्यांना विचारून घ्या, आणि मुलांनाही ती फाइल कुठं आहे ते सांगून ठेवा.