गृहीत वारस आणि गर्भातला पेशवा

हिंजवडीत शैक्षणिक मजकुराच्या भाषांतराचे काम करणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थिनीने मध्यंतरी एक शंका विचारली. इंग्लंडच्या राजघराण्यावरील पाठात 'एअर प्रिझम्प्टिव्ह' असा शब्दप्रयोग होता आणि तिने त्याचे 'संभाव्य वारस' असे भाषांतर केले होते. ते चूक म्हणता येणार नाही. पण अपुरे खास आहे.

'संभाव्य' म्हणजे घडेल किंवा न घडेल असे. 'प्रिझम्प्टिव्ह' या विशेषणात त्याहून अधिक काही आहे. याच्याहून जवळचा वारस आज नाही, म्हणून हक्क याचाच मानायचा. मात्र उद्या तसा वारस जन्मला, तर हा हक्क आपोआप संपला. 'एअर अपॅरंट' याहून निराळा; त्याचा हक्क कोणाच्याही जन्माने हिरावला जात नाही. म्हणजे या विशेषणात सकारण मान्यता आणि माघारीची तयारी अशा दोन गोष्टी एकत्र नांदतात.

आपल्या इतिहासात या शब्दाची कसोटी पाहणारा एक प्रसंग घडून गेला आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांना अपत्य नव्हते. चुलते रघुनाथराव हेच जवळचे वारस ठरत होते आणि त्याच वर्षी पेशवाईची वस्त्रेही त्यांना मिळाली. खुनाचा डाग क्षणभर बाजूला ठेवला, तर वारशाच्या हिशेबात हे गृहीत अवाजवी नव्हते. पण नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई गरोदर होत्या. नाना फडणीस, सखारामबापू प्रभृती बारभाईंनी जानेवारी १७७४ मध्ये त्यांना पुरंदरावर नेले आणि त्यांच्या नावाने कारभार सुरू केला. मुलगाच होईल, हे बारभाईंचेही गृहीतच होते! १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि चाळीस दिवसांच्या आत-बाहेर त्या बाळाला पेशवाई मिळाली.

काटेकोरपणे पाहता, हे बिरुद सत्ताधीश हयात असेतोच लागू होते. पण त्यातली अट त्याच्या मृत्यूनंतरही उरू शकते. १८३७ साली चौथा विल्यम औरस अपत्य मागे न ठेवता वारला आणि त्याची पुतणी व्हिक्टोरिया राणी झाली. तेव्हाच्या राज्यारोहणाच्या जाहीरनाम्यात, दिवंगत राजाच्या राणीला पुढे अपत्य झाल्यास त्याचा हक्क अबाधित राहील, असे कलम घातलेले होते. ते मूल जन्मलेच नाही. पुरंदरावर मात्र जन्मले. इंग्लंडमध्ये जी अट कागदावर लिहिली गेली, ती पुण्यात मान्य करण्याची तयारी दादासाहेबांनी दाखवली नाही. ६ मार्च १७७५ रोजी त्यांनी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला. साष्टी, वसई देऊ करून पेशवाईसाठी इंग्रजी फौज मागितली. आणि त्यातून पहिले इंग्रज-मराठा युद्ध उभे राहिले.

इंग्रजीत याच धातूपासून 'प्रिझम्प्च्युअस' असे दुसरे विशेषण झाले आहे. त्याचा अर्थ धार्ष्ट्याचा, मर्यादा ओलांडणारा. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ 'आधीच घेणे'. आधी घेतलेले वेळ येताच परत करण्याची तयारी असेल तर पहिले विशेषण. मूठ आवळली तर दुसरे. १७७३ आणि १७७५ यांच्यामधले अंतर ते हेच.

मराठीतल्या 'गृहीत' शब्दाचा अर्थही 'घेतलेले' असाच आहे. भूमितीत आपण एखादी गोष्ट गृहीत धरतो, तेव्हा ती विसंगत ठरताच सोडून देतो. पण घरात कोणी चिडून म्हणते, "मला गृहीत धरू नका," तेव्हा तोच शब्द धार्ष्ट्यावर बोट ठेवतो. इंग्रजीने दोन विशेषणांत वाटलेले अर्थ मराठीने एकाच शब्दात सांभाळले आहेत. म्हणून विद्यार्थिनीला मी 'गृहीत वारस' हाच पर्याय सुचवला, आणि सोबत एक तळटीप लिहायला सांगितली : 'जवळचा वारस जन्मेपर्यंत'. ती तळटीप वगळली की काय होते, हे सुरतेच्या तहात वाचायला मिळते.